वर्गात तीच चार मुले उत्तरे देतात. बाकीच्यांना बोलते कसे करावे?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोन वर्षांपासून सातवीला विज्ञान आणि गणित शिकवता. वर्गात ४८ मुले आहेत. शिकवताना तुम्ही सतत प्रश्न विचारता, पण हात वर होतात ते त्याच चार-पाच मुलांचे. बाकीची वहीत किंवा बाकाखाली बघत बसतात. "समजले का?" असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो, आणि घटक चाचणीत निम्म्या मुलांना काही लिहिता येत नाही. मुलांना गुंतवून ठेवणारे प्रश्न तयार कसे करायचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी २७ वर्षे पाचवी ते आठवीच्या वर्गांना हेच दोन विषय शिकवले. पहिली अकरा वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात आणि आंतरजिल्हा बदली झाल्यावर उरलेली सोलापूर जिल्ह्यात. त्या अनुभवावरून मला वाटते की तुमची अडचण प्रश्न तयार करण्यात नाही. प्रश्न तोंडातून बाहेर पडल्यानंतर पुढच्या अर्ध्या मिनिटात वर्गात जे घडते, तिथे ती आहे. म्हणून आधी त्या अर्ध्या मिनिटाविषयी लिहिते आणि प्रश्नांच्या प्रकारांकडे नंतर वळते.

गप्प बसणाऱ्या मुलाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. सर प्रश्न विचारतात. त्यांना उत्तर माहीत आहे, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. हात वर केला आणि उत्तर बरोबर आले तर "शाब्बास" मिळते. चुकले तर शेजारचा हसतो आणि सर दुसऱ्याकडे वळतात. हात वर केलाच नाही, तर दोन-तीन सेकंदांत पहिल्या बाकावरची मुलगी उत्तर देऊन टाकते आणि धडा पुढे सरकतो. या हिशेबात गप्प बसणे हेच शहाणपणाचे ठरते. चौथी-पाचवीपर्यंत बहुतेक मुले हा हिशेब पक्का शिकलेली असतात. त्यामुळे त्यांचे मौन हा आळस किंवा मंदपणा समजू नये. आपणच, म्हणजे त्यांना आजवर शिकवलेल्या आपण सर्वांनी, त्यांना ते शिकवलेले असते.

यात आपल्या प्रशिक्षणाचाही वाटा आहे. बी.एड.च्या सराव पाठाची प्रस्तावना तुम्हाला आठवत असेल. पाठटाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, पाच प्रश्न लिहायचे, ते अशा उतरंडीने की शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच पाठाचे नाव निघावे, आणि ते नाव मुलांच्या तोंडून आले की हेतुकथन करून, म्हणजे आज काय शिकायचे ते सांगून, फळ्यावर शीर्षक लिहायचे. निरीक्षक मागे बसलेले असतात, त्यामुळे नेमके तेच उत्तर वेळेत यावे म्हणून छात्राध्यापकाचा जीव खालीवर होत असतो. वेगळे उत्तर देणारे मूल तिथे अडथळा ठरते. पुढे नोकरीत ही सवय दुसऱ्या रूपात टिकते: "पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेला काय म्हणतात? बाष्पी…" आणि वर्ग ओरडतो, "…भवन!" शब्दाचा शेपटीकडचा तुकडा जोडणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. तरी कानाला ते वर्ग जागा असल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ते फसवे आहे. "समजले का?" चेही तसेच आहे. ज्याला समजलेले नसते, त्याला आपल्याला काय समजले नाही हे सांगता येत नाही. तेव्हा "हो सर" हे उत्तर खोटे नसते, त्यात माहिती मात्र काहीच नसते. हा प्रश्न तुम्ही आजपासून विचारायचा बंद केलात तरी तुमचे काही बिघडणार नाही.

पुढे जाण्याआधी, माझ्या सांगण्यातले काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगायला हवे. तुमच्या वर्गात ४८ मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गांसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. पंचवीस मुलांच्या वर्गात जे सहज जमते, त्याला तुमच्याकडे दुप्पट वेळ लागेल. दुसरे, मुलांची घरची भाषा कोणती आहे ते पाहावे लागते. नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि आमच्याकडच्या तांड्यांवर बंजारा बोलणारे मूल गप्प असेल, तर अनेकदा त्याला उत्तर माहीत असते आणि पुस्तकी मराठीत वाक्य जुळवता येत नसते. अशा मुलाला आधी त्याच्या भाषेत शेजाऱ्याशी बोलू देणे आणि चित्र किंवा खूण करून दाखवू देणे हाच मार्ग आहे. तिसरे, उसाच्या हंगामात आई-वडिलांबरोबर तोडीला जाऊन परतलेल्या मुलाच्या बाबतीत धड्याचे कित्येक महिनेच गायब असतात. तिथे प्रश्नांचे कौशल्य पुरत नाही, त्याला ते बुडालेले महिने वेगळे शिकवावे लागतात. आणि ज्या वर्गात एखाद्या शिक्षकाच्या छडीची किंवा टोमण्याची भीती मुरलेली आहे, तिथे तुम्ही कितीही चांगले प्रश्न विचारलेत तरी पहिले काही आठवडे काहीच हलणार नाही.

आता त्या अर्ध्या मिनिटाकडे येते. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण अभ्यासिकेने वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून ती बारकाईने तपासली आणि १९७०च्या दशकात त्यातून एक साधी गोष्ट दाखवून दिली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरीने जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरे लांब होतात, आपणहून बोलणाऱ्यांची संख्या वाढते आणि "माहीत नाही" असे म्हणणे कमी होते. त्यांच्याच कामातली मला बोचलेली गोष्ट वेगळी आहे. शिक्षक ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी ते जास्त वेळ थांबतात आणि ज्यांना कच्चे समजतात त्यांच्यासाठी कमी. हे वाचले तेव्हा मी नोकरीच्या नवव्या वर्षात होते आणि मला स्वतःबद्दल तसे मुळीच वाटत नव्हते. सहकारी बाईंना मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसवले, आणि माझ्या वर्गातही तेच निघाले. ज्या मुलाकडून उत्तराची अपेक्षा नाही, त्याला संकोच नको म्हणून मी पटकन पुढे जात होते. माझ्या दृष्टीने ती दया होती. त्या मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की बाईंनी आपल्याला सोडून दिले.

तीन सेकंद हे लिहायला सोपे आहे, पण फळ्यापुढे उभे असताना ते फार लांब वाटतात. त्यासाठी मी काही शारीरिक सवयी लावून घेतल्या. प्रश्न तोंडी विचारून झाला की तो फळ्यावर लिहायचा. लिहायला जो वेळ लागतो तो मुलांचा असतो, आणि उशिरा लक्ष गेलेल्या मुलालाही प्रश्न वाचता येतो. मग खडू खाली ठेवून खिडकीपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. या वेळात प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारायचा नाही, कारण शब्द बदलले की मुलाने मनात जुळवत आणलेले विस्कटते. विचाराला लागणाऱ्या प्रश्नासाठी तीन सेकंदही कमीच आहेत. तिथे मी मिनिटभरही थांबते. दुसरी थांबण्याची जागा उत्तर आल्यानंतरची आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. मुलाचे वाक्य संपले की लगेच "बरोबर" म्हणायचे नाही. दोन-तीन सेकंद त्याच्याकडे बघत शांत राहिले, की ते मूल बऱ्याचदा "म्हणजे बाई…" म्हणून स्वतःच पुढे बोलते, आणि खरा विचार त्या दुसऱ्या वाक्यात असतो.

थांबण्याने वेळ मिळतो, पण पहिल्या बाकावरचे पाच हात तरीही वर राहतातच. म्हणून विचारप्रधान प्रश्नाला हात वर करायचे नाहीत, असा नियम मी वर्गाबरोबर बोलून ठरवला. प्रश्न फळ्यावर आला की प्रत्येकाने कच्च्या वहीत एका ओळीत उत्तर लिहायचे, चूक-बरोबर कसेही. मग ते शेजाऱ्याला वाचून दाखवायचे आणि दोघांचे वेगळे असेल तर का, ते बोलायचे. त्यानंतरच मी एखादे नाव घेते. या क्रमाला महत्त्व आहे. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला तर उरलेली ४७ मुले सुटकेचा श्वास सोडतात. आधी प्रश्न, मग लिहिण्याचा वेळ आणि शेवटी नाव असे केले, तर ४८ जणांनी उत्तर तयार ठेवलेले असते. शिवाय जे मूल उभे राहते त्याच्या हातात वही असते, दोन शब्द लिहिलेले असतात, शेजाऱ्याशी एकदा बोलून झालेले असते. तोंड उघडण्याची पहिली भीती तिथे निघून गेलेली असते. अगदीच लाजणाऱ्या मुलाला मी "तुम्हा दोघांचे काय ठरले?" असे विचारते, म्हणजे उत्तर जोडीचे होते आणि चूकही जोडीची.

नाव निवडण्यासाठी मी डब्यात चिठ्ठ्या ठेवत असे, म्हणजे माझ्याही नकळत त्याच मुलांकडे नजर जात नाही. पण चिठ्ठीने निघालेल्या मुलाला कोंडीत पकडायचे नाही, ही अट सांभाळायला हवी. "आत्ता नाही सांगता येत" म्हणण्याची मुभा त्याला द्यावी, आणि "ठीक आहे, दोघांचे ऐक, मग मी तुझ्याकडे परत येते, त्यातले कोणाचे पटले ते सांग" असे म्हणून खरोखरच परत यावे. परत येणे विसरलात तर ती मुभा म्हणजे सुटण्याची वाट बनते, आणि आठवडाभरात निम्मा वर्ग ती वापरू लागतो.

इथे मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सहावीचा एक मुलगा शेवटच्या बाकावर बोलत होता. त्याला गप्प करण्यासाठी मी अचानक त्याचे नाव घेऊन चालू धड्यावरचा प्रश्न विचारला. तो उभा राहिला आणि काही बोलला नाही. मी म्हणाले, "गप्पा मारताना तोंड चालते, आता का बंद?" वर्ग मोठ्याने हसला. त्या वर्षाच्या शेवटपर्यंत तो मुलगा माझ्या तासाला स्वतःहून एक शब्द बोलला नाही, आणि मी समोर गेले की त्याची मान खाली जात असे. पुढे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली, तेव्हा मला तोच मुलगा आठवला. प्रश्न हे शिस्तीचे हत्यार म्हणून एकदा जरी वापरले, तरी वर्गातले प्रत्येक मूल ते पाहून ठेवते आणि त्यानंतरचा तुमचा प्रत्येक प्रश्न त्याला संशयास्पद वाटतो. बोलणाऱ्या मुलाला गप्प करायचे असेल तर त्याला सरळ "गप्प बस" असे सांगावे. प्रश्न त्या कामाला लावू नये.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: चुकीच्या उत्तराचे काय करायचे? एक तास जरा सविस्तर सांगते, कारण माझी पद्धत त्या तासाने बदलली.

रत्नागिरीकडची शाळा होती, ऑक्टोबरचा उकाडा होता, आणि सातवीचा वर्ग. नाक्यावरच्या दुकानातून बर्फ आणून मी तो स्टीलच्या पेल्यात पाण्याबरोबर घातला आणि पेला टेबलावर ठेवला. कोकणातल्या दमट हवेत पाच मिनिटांत पेल्याच्या बाहेरून थेंब धरले आणि ओघळून टेबलावर पाण्याची गोल खूण उमटली. मी प्रश्न फळ्यावर लिहिला: हे बाहेरचे पाणी कुठून आले? सर्वांनी वहीत लिहिले. पहिल्या मुलाने सांगितले, "बाई, आतलं पाणी पाझरलं, माठातून पाझरतं तसं." दुसरी म्हणाली, "बर्फाची वाफ वरून बाहेर आली आणि पेल्याला चिकटली." तिसऱ्याने शिकवणीत ऐकलेले सांगितले, "हवेतल्या बाष्पाचं पाणी झालं."

एरवी मी तिसऱ्याला "शाब्बास" म्हटले असते, फळ्यावर "संघनन" लिहिले असते आणि चार ओळींचा तो भाग सात मिनिटांत संपवला असता. त्या दिवशी मी तिन्ही उत्तरे एकाखाली एक, सारख्याच अक्षरात लिहिली आणि चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा प्रयत्न केला. हात मोजले, तर माठाच्या बाजूने निम्म्याहून जास्त वर्ग होता. आणि नीट विचार केला तर ते उत्तर वेडेपणाचे नव्हते. त्या मुलांच्या घरी माठ होता, तो बाहेरून ओला असतो हे त्यांनी रोज पाहिले होते, आणि तिथे पाणी खरोखरच आतून येते. चुकलेले मूल पुष्कळदा आपल्या अनुभवातल्या खऱ्या गोष्टीवरून नव्या गोष्टीकडे उडी मारत असते. उडी चुकते, पण पाय ठेवायची जागा खरी असते.

मग मी विचारले, "पाझरलं हे खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं?" हा प्रश्न मी नंतर शेकडो वेळा वापरला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग खिडकीजवळची एक मुलगी, जी वर्षभर फारशी बोललेली नव्हती, म्हणाली, "आत रंगाचं पाणी घातलं तर थेंब पण रंगाचे येतील." आम्ही दुसऱ्या पेल्यात बर्फ आणि कोकमाचे आगळ घातले. आत लालभडक आणि बाहेर धरलेले थेंब स्वच्छ. एका मुलाने बोटाने थेंब टिपून चाखला आणि "आंबट नाय" असे जाहीर केले. वाफेच्या बाजूच्या मुलीने स्वतःच सुचवले की तोंड बंद करून बघू. डब्यात बर्फ भरून घट्ट झाकण लावले. थेंब तरीही आले. तेव्हा पहिला मुलगा, ज्याचे उत्तर फळ्यावर सर्वांत वर होते, तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मग माठच का पाझरतो? पेला का नाही?"

त्याचे उत्तर चुकले होते आणि तो प्रश्न विचारत होता. सर, वर्ग गुंतला आहे हे मला असे ओळखू येते. त्या एका भागाला दोन तासिका गेल्या, पण माठाच्या मातीतली बारीक छिद्रे, माठ का गार राहतो आणि पावसाळ्यात तो तितका गार का होत नाही, हे सगळे त्या मुलाच्या प्रश्नातून ओघाने आले. पुस्तकात ते वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले होते.

यावरून एक सवय सुचवते: बरोबर उत्तरालाही "कसे ठरवलेस?" असे विचारत जा. केवळ चुकलेल्यालाच कारण विचारले, तर मुले लगेच ओळखतात की कारण विचारले म्हणजे आपले चुकले. गणितात तर याची विशेष गरज आहे. ०.७ आणि ०.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती, हे पाटीवर लिहून एकदम उंच धरायला सांगा. ज्यांनी ०.३५ लिहिले, त्यांनी बहुधा ३५ हे ७ पेक्षा मोठे म्हणून लिहिलेले असते. पण ज्यांनी ०.७ लिहिले, त्यांतल्या काहींचे कारणही ऐकण्यासारखे असते: "दशांश चिन्हानंतर जितके अंक कमी, तितकी संख्या मोठी." उत्तर बरोबर आणि कारण चूक. त्यांना ०.४ आणि ०.४५ द्या, म्हणजे ते ०.४ लिहितील. कारण विचारले नसते तर ही मुले तुमच्या नजरेतून सुटली असती, आणि चाचणीत एक प्रश्न बरोबर व दुसरा चूक आला की "निष्काळजीपणा" असा शेरा त्यांच्या वाट्याला आला असता. एकदम वर धरलेल्या पाट्यांचा दुसरा फायदा असा की दहा सेकंदांत सगळा वर्ग तुम्हाला वाचता येतो. सातवीत पाट्या नसतील तर जुन्या वहीचे पान चालते.

आता प्रश्नांच्या प्रकारांविषयी. स्मरणापासून विश्लेषणाच्या पुढेपर्यंत शिकण्याच्या पायऱ्या मांडणारी ब्लूम यांची १९५६ची वर्गवारी आपण सर्वांनी पाठ केली आहे आणि तिच्यावरून एक गैरसमज पसरलेला मला दिसतो, की स्मरणाचे प्रश्न हलके आणि विश्लेषणाचे प्रश्न भारी. तसे नाही. पाया तपासायला स्मरणाचा प्रश्न लागतोच. त्याला हात वर चालतात, वेग चालतो. वाया जातो तो दिवस, ज्या दिवशी सगळेच प्रश्न त्या जातीचे असतात. नवे प्रश्न शोधत बसण्यापेक्षा पुस्तकातला प्रश्न उलटा करणे मला सोपे वाटते. आयताची लांबी आणि रुंदी देऊन परिमिती काढायला सांगण्याऐवजी परिमिती २४ सेंमी असलेले आयत चौकटीच्या कागदावर काढायला सांगा. कोणी ११ आणि १ घेईल, कोणी ८ आणि ४, कोणी ६ आणि ६. त्यांची क्षेत्रफळे येतात ११, ३२ आणि ३६ चौरस सेंमी. परिमिती तीच असताना क्षेत्रफळ कसे बदलले, हा प्रश्न मग मुलेच विचारतात, आणि कच्च्या मुलालाही निदान एक आयत काढता आलेला असतो. इतिहास शिकवणारे माझे सहकारी राज्याभिषेकाचे साल विचारून झाले, की १६७४ फळ्यावर तसेच ठेवून विचारत: स्वराज्य तर आधीच उभे होते, मग महाराजांना राज्याभिषेक करून घेण्याची गरज का वाटली असेल? ज्या प्रश्नाला एकाहून अधिक सयुक्तिक उत्तरे असू शकतात, तिथे मागच्या बाकावरच्या मुलाला शिरायला जागा राहते.

तुमच्या मनात अभ्यासक्रमाची आणि आवाजाची काळजी असणार. वर्गात बोलणे सुरू झाले की शेजारच्या वर्गातून डोकावले जाते, आणि केंद्रप्रमुखांच्या भेटीच्या दिवशी तर शांतता हीच गुणवत्ता मानली जाते. मी मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवत असे की अमुक तासिकेला माझा वर्ग बोलेल, आणि एकदा त्यांना मागे बसून पाहायला बोलावले. वेळेचे म्हणाल तर प्रत्येक प्रश्नाला हे सगळे करायचे नाही. ते शक्यही नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत असा एक प्रश्न पुरे, फार तर दोन. तो आदल्या दिवशी पाठटाचणात शब्दशः लिहून ठेवावा, कारण ऐन वेळी सुचलेला प्रश्न बहुधा "काय म्हणतात?" याच वळणाचा निघतो. त्याखाली मुले कोणती तीन-चार उत्तरे देतील तेही लिहावे. माझा अंदाज पहिल्या वर्षी फार चुकत असे. चुकलेला अंदाज मी लाल पेनाने तिथेच दुरुस्त करून ठेवत असे, आणि पुढच्या वर्षी तेच टाचण मला कुठल्याही मार्गदर्शिकेपेक्षा जास्त उपयोगी पडले.

तुमच्या वर्गासाठी क्रम सांगायचा तर पहिल्या आठवड्यात फक्त थांबायला शिका आणि "समजले का?" सोडा. दुसऱ्या आठवड्यापासून वहीत लिहून शेजाऱ्याशी बोलण्याची पद्धत रोज एका प्रश्नापुरती सुरू करा. चिठ्ठ्या तिसऱ्या आठवड्याच्या आधी काढू नका, कारण चुकीचे उत्तर फळ्यावर सन्मानाने लिहिले जाते हे मुलांनी त्याआधी चार-सहा वेळा डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. पहिले दोन आठवडे वर्ग अधिकच अवघडल्यासारखा वाटेल, आणि ते पाच हुशार विद्यार्थी नाराज होतील, कारण त्यांची हक्काची जागा गेलेली असेल. त्यांना दुसऱ्याच्या उत्तरावर "हे कशावरून?" असे विचारण्याचे काम द्या, त्यांनाही ते जड जाते, आणि त्यांना आजवर जड असे काही मिळालेलेच नसते.

आणि हजेरीपटावरून ४८ नावांची एक वेगळी यादी करून टेबलाच्या खणात ठेवा. ज्या दिवशी जे मूल वर्गासमोर एक पूर्ण वाक्य बोलेल, त्याच्या नावापुढे ती तारीख लिहा. उत्तर बरोबर होते की चूक ते लिहू नका. महिन्याच्या शेवटी काही नावांपुढे एकही तारीख नसेल. माझ्या पहिल्या यादीत अशी सतरा नावे होती, आणि त्यांतल्या सहा मुलांचा आवाज कसा आहे हे मला आठवत नव्हते. तुमच्या यादीतली ती नावे कळली, की पुढच्या महिन्याचे प्रश्न तयार करताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण असायला हवे ते कळेल.